करवतीचा घास

आपल्याला सुतारकी गणिताच्या तासानं शिकवली, असं मिस्त्री स्वतःच हसत सांगायचे, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. पाचवीत अपूर्णांक आले आणि त्यांचं डोकं बंद पडलं. पाव आणि अर्धा मिळून किती, असं गुरुजींनी विचारलं, तर हे म्हणाले, दोन. दोन वस्तू दिसतात, म्हणून दोन. वर्ग हसला, गुरुजीही हसले. गुरुजी मारकुटे नव्हते, व्यवहारी होते. शाळेतली निम्मी बाकं लंगडी होती आणि या पोराचा हात चांगला होता. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. गणिताचा तास लागला की पोरानं हातोडी घेऊन व्हरांड्यात बसायचं आणि बाकं ठोकायची. तपासणीला कोणी आलं की गुरुजी कौतुकानं दाखवायचे, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, पण लाकडात खिळा कसा सरळ शिरतो बघा." पोरगं खूश. मित्र आत घामाघूम, हा बाहेर वाऱ्याला. पुढं दहावीला सगळे विषय सुटले आणि गणितात नऊ गुण पडले. भोपळा नाही, पण भोपळ्याचा सख्खा भाऊच तो.

मग इथं तिथं रंधा मारत मिस्त्री एका प्रशिक्षण शाळेच्या सुतारकामाच्या शेडमध्ये लागले ते बावीस वर्षं तिथंच राहिले. पद मदतनिसाचं, काम शिकवण्याचं. शिकवायला नेमलेले सर यायचे, फळ्यावर दोन आकृत्या काढायचे, बदली करून घ्यायचे आणि जायचे. पटाशी कशी धरायची, लाकडाचा धागा कुठं जातो ते कसं ओळखायचं, हे पोरंपोरी शिकली ती मिस्त्रींच्या हाताखालीच.

त्यांचा पहिला धडा ठरलेला असे. प्रत्येकाला दोन फुटांची पट्टी द्यायची आणि अर्ध्या फुटाचे चार तुकडे करायला सांगायचं. सगळे आधीच तीन रेघा आखून घेत आणि सगळ्यांचा चौथा तुकडा आखूड येई. मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं विचारत, "उरलेलं लाकूड कुठं गेलं?" पोरं एकमेकांच्या टेबलावर शोधत. मग मिस्त्री खाली पडलेला भुसा दाखवत आणि म्हणत, करवत फुकट राबत नाही बाबांनो, दर खेपेला एका सुताचा घास खाते, इंचाचे आठ सूत, त्यातला एक तिचा. हा विनोद त्यांनी बावीस वर्षं केला आणि दर वर्षी सगळ्यांत आधी तेच हसले.

आणि मग शिकवणाऱ्याची जागा कायम झाली. प्रशिक्षण शाळेच्या साहेबांनी मिस्त्रींना बोलावून चहा पाजला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. जागा मिस्त्रींचीच, पण नियमानं दहावी पास हवी. एक गणित राहिलंय तेवढं वर्षभरात काढून टाका. नाही निघालं तर बाहेरून माणूस येणार, आणि मदतनिसाची जागा तर रद्दच झाली आहे, तेव्हा मिस्त्रींना सामानाच्या खोलीत बसावं लागणार. पगार तोच. "पगाराचं कोण विचारतंय," असं मिस्त्री ओठांवर आलेलं गिळून बाहेर पडले. त्रेपन्न वर्षांचे होते तेव्हा.

मोठ्या माणसांसाठी संध्याकाळी एक वर्ग चालायचा, एका शाळेच्या तिसरीच्या खोलीत. बाकं एवढीशी. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली नऊ माणसं, भिंतीवर फुलपाखरं आणि पाढे. मिस्त्रींच्या शेजारी दवाखान्यातल्या एक आयाबाई बसत. त्यांना बढतीसाठी परीक्षा द्यायची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मिस्त्रींना बजावलं की बाक मोडलं तर तुम्हीच दुरुस्त करायचं, मी फक्त पट्टी बांधीन.

शिकवणाऱ्या बाई मिस्त्रींच्या मुलीच्या वयाच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पाव आणि अर्ध्याची बेरीज विचारली. मिस्त्री उभे राहिले, आणि कान असे तापले की जणू पाचवीतच आहेत. बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, अर्ध्या इंचात सूत किती?"

"चार."

"पाव इंचात?"

"दोन."

"मिळून?"

"सहा."

"आठातले सहा. लिहा, सहा छेद आठ. आता दोन्हींना दोनानं भागा. तीन छेद चार. पाऊण."

मिस्त्रींनी लिहिलं. पुन्हा एक लिहिलं, तेही बरोबर आलं. वर्गातल्या सगळ्यांना वाटलं आता हे हसणार. आयाबाईंनी कोपरानं ढोसून विचारलंही, आलं की हो, मग सुतकी तोंड कशाला? मिस्त्रींनी वही मिटली.

घरी जेवायला बसले आणि ताट बाजूला सारलं. बायकोला म्हणाले, "मला येत नव्हतं असं नाही गं. मी वर्गातच नव्हतो. पाच वर्षं फुकट बाकं ठोकून घेतली त्यानं माझ्याकडून."

बायको चमकली. एवढ्या संसारात मिस्त्रींच्या तोंडून गुरुजींचा एकेरी उल्लेख तिनं ऐकला नव्हता. दर वर्षी नेमानं त्यांना भेटायला जाणारे, त्यांची खुर्ची हातानं विणून देणारे मिस्त्री हेच. त्या दिवसानंतर गणिताच्या तासाचा तो किस्सा त्यांनी कुणालाही सांगितला नाही. कुणी आठवण काढली तर उठून जायचे.

अभ्यास मात्र नेटानं केला. बीजगणितानं त्यांना रडवलं, अक्षरांची बेरीज का करायची हे शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा बाईंनी फळ्यावर गणित घातलं, बारा फुटी फळीचे दीड-दीड फुटाचे किती तुकडे. वर्ग म्हणाला आठ. मिस्त्री म्हणाले सात. बाईंना त्यांनी हिशेब समजावला. बाईंनी तो नीट ऐकून घेतला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. पण परीक्षेत करवत नसते, मिस्त्री. तिथं आठच लिहा." मिस्त्रींनी कबूल केलं.

परीक्षेत तोच प्रश्न आला, तीन गुणांचा. मिस्त्रींनी आठ लिहिलं आणि पुढं गेले. भूमितीत अडकले, समीकरणात अडकले, आणि सगळं जमेल तेवढं लिहून झाल्यावर पुन्हा त्या आठापाशी आले. पाच मिनिटं त्याच्याकडं बघत बसले. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याला येत नाही म्हणून बाहेर काढलं, आणि आज जे आपल्याला येतं तेच बाहेर ठेवून आत यायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी आठ खोडलं. सात लिहिलं. शेजारी फळी काढली, सात काप दाखवले, प्रत्येकाला एक सूत, सात कापांचे सात सूत, म्हणून आठवा तुकडा एक सूत कमी एक इंच एवढा आखूड, तो तुकड्यात धरू नये, अशी ओळ सुवाच्य अक्षरात लिहिली. त्या उत्तरपत्रिकेतली सगळ्यांत स्वच्छ जागा तीच होती.

पासाला पस्तीस हवे होते. मिस्त्रींना तेहतीस पडले.

बाईंनी धावपळ केली. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, अर्ज केला. वरून उत्तर आलं की नमुना उत्तर आठ आहे, अन्य उत्तर ग्राह्य नाही. आयाबाई बेचाळीस मिळवून पास झाल्या आणि पेढ्यांऐवजी मिस्त्रींसाठी नुसती मान खाली घालून आल्या.

बायकोनं मात्र तोंड सोडलं. "त्या तीन गुणांसाठी काय ऊर बडवताय? बाकीचे चौसष्ट कुठं गेले ते विचारा की स्वतःला."

"ते चौसष्ट मला आले नाहीत," मिस्त्री म्हणाले. "हे तीन येत होते."

बाई पुढच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन घरी आल्या, तोवर साहेबांनी दिलेलं वर्ष संपलं होतं आणि नवे सर हजरही झाले होते. मिस्त्रींनी बाईंना पाणी दिलं, फॉर्म घडी घालून परत दिला. मग ओशाळून त्यांच्या पिशवीचा तुटका बंद शिवून दिला.

सामानाची खोली शेडच्या समोरच होती. खिडकीत बसून खिळे, घासायचा कागद, डिंक द्यायचा. करवतींचे आवाज यायचे, आणि कोण जोर लावतंय, कोणाच्या करवतीला धार नाही, हे मिस्त्रींना न बघता कळायचं. पहिले काही दिवस त्यांचे पाय आपोआप तिकडं वळले. एकदा एका पोराचा हात धरून पटाशी फिरवून दाखवली, तर साहेबांनी बोलावून अदबीनं सांगितलं की नव्या सरांना ते बरं दिसत नाही.

पावसाळा सरला आणि एक दिवस मागच्या वर्षी त्यांच्या हाताखाली शिकायला लागलेली एक मुलगी खिडकीपाशी आली. हातात तिनं केलेलं स्टूल, चारही पाय खुळखुळत होते. तिनं विचारलं, "मिस्त्रीकाका, जोड तर घट्ट बसवला होता, मग असं कसं झालं?"

मिस्त्रींनी स्टूल हातात घेतलं. लाकूड ओलं असताना जोडलेलं, आता सुकून आकसलेलं, हे त्यांना हात लावताच कळलं. जोड सोडवायचा, पाचर मारायची, अर्ध्या तासाचं काम. त्यांनी स्टूल परत दिलं.

"तुमच्या सरांना विचारा."

"सर म्हणाले डिंक लाव. धरेल का डिंक?"

"सर म्हणाले ना? मग लावा."

त्यांनी डिंकाची बाटली खिडकीतून पुढं सरकवली. मुलगी थोडा वेळ तशीच थांबली. हे काका न विचारताही दहा गोष्टी सांगतात, आता अकरावी सांगतील, म्हणून. मग स्टूल बगलेत मारून गेली. मिस्त्री तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले. त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं हे ध्यानात आलं, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पण त्यांनी तिला हाक मारली नाही.