पाच मीटरवरची दोरी

पाठीवर पोहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. आमच्या तलावाला छप्पर नव्हतं, त्यामुळे मला फक्त आभाळ दिसायचं. लेडीज बॅचच्या बायका भिंतीला टेकून, गळ्यापर्यंत पाण्यात, शेजारणीच्या सुनेपासून मेथीच्या भावापर्यंत सगळं बोलत उभ्या असायच्या. एकदा माझा हात एका बाईंच्या डोक्यावर बसला. फारसं लागलं नाही, पण टोपी निघाली, केस भिजले आणि तक्रार गेली. आठवड्याभरात मॅनेजरसाहेबांनी भिंतीवर लाल अक्षरांत रंगवून घेतलं : ‘उताणे पोहण्यास सक्त मनाई’.

मी बारावीत होते आणि बॅकस्ट्रोकला जिल्ह्यात पहिली येत होते. त्या बॅचला दुसरं कोणी उताणं पोहतच नसे, म्हणजे अख्खी पाटी माझ्या एकटीसाठी रंगवलेली. मग मी तिच्याच समोर तीन दिवस उताणी पोहले. चौथ्या दिवशी माझा पास काढून घेतला.

पप्पा नाशिकमध्येच, अंबडला एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपवून, तसेच निळ्या युनिफॉर्मवर मॅनेजरसाहेबांकडे गेले. मला वाटलं, भांडतील. त्यांनी विचारलं, “साहेब, तलाव रिकामा कधी असतो?”

लेडीज बॅच संपून संध्याकाळची बॅच सुरू होईपर्यंत चाळीस मिनिटं साफसफाईची असत.

“मग तेवढा टाइम द्या पोरीला. पाटी लोकांसाठी हाय ना? तेव्हा पाण्यात लोकच नाय.”

मला चाळीस मिनिटं मिळाली. ब्लीचिंग पावडर पडलेल्या पाण्यातून रोज लाल डोळे घेऊन मी घरी जायचे.

त्या चाळीस मिनिटांवर माझं सगळं अवलंबून होतं. येवल्याच्या मामांचं म्हणणं पडलं होतं, की पोरीनं अंगभर कपड्यांशिवाय किती वर्षं लोकांसमोर जायचं, पुढे स्थळं बघताना काय सांगायचं? त्यांना गप्प करायला पप्पांनी एक वर्ष मागून घेतलं. राज्याच्या निवड चाचणीत पहिल्या दोघींत आले, तर महाराष्ट्राच्या संघातून नॅशनल. नाही आले, तर पोहणं बंद. हा करार माझ्याबद्दलचा होता आणि तो करताना मला कोणी विचारलं नव्हतं, ते वेगळंच.

मला पोहणं शिकवणारे सर तोवर पुण्याला गेले होते. वर्कआउट फोनवर पाठवायचे. त्यांनी कळवलं, भिंतीपासून पाच मीटरवर, डोक्यावरून पताकांची दोरी बांधून घ्या. मोठ्या स्पर्धांत ती असतेच. पाठीवर येणाऱ्याला भिंत दिसत नाही, पण पताका दिसतात. त्या दिसल्या, की हात मोजायचे, आणि ठरलेल्या हाताला पालथं होऊन भिंतीवर कोलांटी मारायची. त्याआधी मी दर वेळी मान वळवून भिंत बघत असे आणि त्यात वेळ जाई.

पताका आईने शिवल्या. आमच्या घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा डोंगर होता. हळदीकुंकवाला एकीने द्यायचा, दुसरीने तिसरीला द्यायचा, शिवायचा कोणीच नाही. आईने त्यांचे बेधडक त्रिकोण कापले. पप्पांनी रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून पाईप उभे केले, कारखान्यातल्या मित्राकडून चांगली टेप आणली, माप घेतलं आणि काठावर ऑइलपेंटने खुणा केल्या. रोज पाईप त्या खुणांवर ठेवायचे, दोरी ताणायची, चाळीस मिनिटांनी सगळं उचलायचं. मी वर्षभर घोकलं : पताका, एक, दोन, तीन, पालथी. झोपेतून उठवलं असतं तरी तीनलाच पालथी झाले असते.

निवड चाचणीला शंभर मीटरमध्ये जाताना मी सगळ्यांच्या पुढे होते. पताका आल्या. एक, दोन, तीन, पालथी. हात ओढला, आणि समोर भिंत नाही! हातभर लांब. पालथं झाल्यावर हात ओढायचा आणि लगेच वळायचं, असा नियम. मध्ये नुसते पाय मारत भिंत गाठली, तर बाद. मी पाय मारले. दुसरं करणार काय होते? पंचांचा हात वर गेला. येताना मी पहिली आले, आणि कागदावर माझ्या नावापुढे वेळच नव्हती.

नाशिकला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन मी पाण्यात उतरले. आमच्या तलावाच्या काठाला, पाणी वाहून जाण्यासाठी, जाळी टाकलेली दीड फुटाची नाली आहे. पप्पांनी माप नालीच्या बाहेरच्या कडेपासून घेतलं होतं. खरी भिंत आत होती, नालीच्या पाण्याकडच्या बाजूला. आमची दोरी भिंतीच्या दीड फूट जास्त जवळ होती. कारखान्यात ज्या माणसाचं काम सूतभरही हलत नसे, त्याने माझं माप दीड फुटाने चुकवलं होतं. कारण सोपं होतं. पप्पा कधी पाण्यात उतरलेच नव्हते. सिन्नरकडच्या त्यांच्या गावात बाकीची पोरं विहिरीत उड्या मारत तेव्हा हे वर बसून सगळ्यांचे कपडे राखत.

ते तलावाच्या फाटकाशी दिसले आणि वॉचमन, मॅनेजर, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, सगळ्यांसमोर मी ओरडले, “तुमच्यामुळे गेलं माझं! मोजता येत नव्हतं तर कशाला मोजलं?”

पप्पांनी पाईप उचलून स्कूटरला बांधले आणि ते गेले. त्यानंतर तलावाकडे फिरकले नाहीत.

रविवारी मामा आले. मी चुकीचं माप सांगितलं, तर म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं! दाजी, ठरल्याप्रमाणे आता बंद.” अंगण खरंच वाकडं होतं, पण हे मामांना कोण समजावणार? मी ताटावरून उठले आणि म्हणाले, “करार तुमचा होता, माझा नाही. मी पोहणार. आणि दोरी पप्पाच बांधणार.”

पप्पा खाली बघत म्हणाले, “माझ्याकडून नको बाई. सरांना बोलावू एखाद्या दिवशी.”

“मग मी दोरीशिवाय पोहीन.”

आणि पोहले. मान वळवायची नाही, असं हट्टाने ठरवून पोहले. चौथ्या दिवशी भिंतीवर डोकं असं आपटलं, की टाळूवर लिंबाएवढं टेंगूळ आलं. आई हळद लावता लावता रडायला लागली. पप्पांनी टेंगूळ बघितलं आणि उठून टेप शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं सुरू झाली तेव्हा ते काठावर आले. बनियन आणि हाफपँट. मॅनेजरसाहेब धावत आले, “अहो, पासशिवाय उतरता येणार नाही!”

“पोहायला नाय उतरत,” पप्पा म्हणाले आणि शिडीवरून पाण्यात उतरले. उथळ बाजू होती, पाणी छातीएवढंच. तरी एका हाताने नालीची जाळी इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टेपचं टोक थेट भिंतीच्या फरशीवर दाबलं. “ओढ आता.” मी ओढली. मग त्यांनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा, पुन्हा. दात वाजत होते. थंडी नव्हती, मे महिना होता. ते भीत होते, आणि मी त्यांना चारचौघांत बोलले होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. मी म्हणाले, “पप्पा, चुकलं माझं.” ते म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. आकडा वाच.”

नव्या मापाने माझे तीनचे चार हात झाले. अंगात मुरलेलं तीन काढायला सहा महिने लागले. पुढच्या चाचणीत मी दुसरी आले आणि महाराष्ट्राच्या संघात गेले. नॅशनलला फायनल गाठली आणि फायनलमध्ये शेवटची आले. हे मी लपवत नाही.

त्यानंतर महिन्याभरात मामांच्या मुलीचा साखरपुडा होता, येवल्याला. मामांनी भरल्या मांडवात पाहुण्यांसमोर मला उभं केलं. “ही आमची भाची, नॅशनलवाली. काय गं, कितवी आलीस?”

“आठवी.”

“किती जणींत?”

मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, “आठ जणींत.”

मांडव हसला. पप्पाही हसले, मनापासून. मग म्हणाले, “भारतात शेवटली आली पोरगी. तुम्ही येवल्यात कितवे, पाव्हणं?”

मामा पाणी मागायला लागले. आम्ही दोघांनी पोटभर जेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सराव होता म्हणून चारच्या एसटीने नाशिकला निघालो.