वेशीवरचा मान

पुस्तक परत करायला गेलं की नाना आधी ते उलटं धरून झटकायचे. आत राहिलेली बसची तिकिटं, एखादी चिठ्ठी, कधी केसांचा चाप, असं सगळं टेबलावर मांडायचे आणि मग चष्म्यावरून बघत विचारायचे, "कोन मरनं?"

खानदेशातल्या चोपड्याच्या आमच्या महाविद्यालयात ते ग्रंथालय परिचर होते. ज्यात कोणी मरत नाही ते पुस्तक घरी नेऊन आठ आठ दिवस ठेवण्यात काय अर्थ, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. नव्या आलेल्या एका प्राध्यापिकेनं पाककृतींचं पुस्तक परत केलं, तेव्हाही हाच प्रश्न. ती दचकून म्हणाली, "कोणीच नाही." नाना म्हणाले, "मंग ठीक शे," आणि शिक्का मारला.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आपण त्याला गमतीत घेतो आणि तो आपल्याला काय शिकवून जातो ते फार उशिरा कळतं. माझंही तसंच झालं.

नाना स्वतः मात्र एकच पुस्तक वाचायचे, वर्षानुवर्षं. ग्रीकांच्या एका जुन्या युद्धकथेचं ते मराठी रूप होतं. मुखपृष्ठ गळालेलं, शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. बांधणीवाल्यानं उरलं तेवढं शिवून पाठीवर चिठ्ठी डकवली होती, "लढाई". त्यातली लांबलचक नावं नानांच्या जिभेवर बसत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. सेनापतीनं लुटीतला वाटा हिसकावला म्हणून लढाई सोडून तंबूत जाऊन बसणारा तो रागीट. आपल्या गावासाठी लढणारा तो वेशीवरचा. आणि त्या वेशीवरच्याचा बाप, राजा, तो नुसता म्हातारा.

मी इतिहास शिकवतो आणि ग्रीस एका तासात उरकतो. पण वाद घालायची मला भारी खोड. मी म्हणायचो, "नाना, तुमचा रागीट आडमुठा आहे. एका वाट्यासाठी आपली माणसं मरू दिली त्यानं."

"मान गया म्हंजे काय राहयनं, सर?" नाना ताडकन म्हणायचे. त्यांच्या पुस्तकात शेवट असा होता की रागिटाचा जिवलग मित्र मारला जातो, मग तो तंबूतून उठतो, वेशीवरच्याला मारतो आणि त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटवतो. तिथे पानं संपत. रागीट जिंकला म्हणून नाना समाधानानं पुस्तक मिटायचे. "जितना तो. खतम."

ते एवढं मनाला का लावून घेतात, हे मला ग्रंथपालांकडून कळलं. नानांचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून तासाभरावर. पोळ्याला तिथे मानाची बैलजोडी वेशीखालून आधी जाते. ती पलीकडे पोचेपर्यंत अख्खं गाव बैलांचे कासरे धरून जागच्या जागी उभं राहतं. हा मान नानांच्या घराकडे आणि त्यांचे थोरले चुलतभाऊ आबा यांच्याकडे वर्षाआड असायचा. एका वर्षी जनावरांच्या रोगामुळे पोळा भरलाच नाही. ती पाळी आबांची. पुढच्या वर्षी दोन्ही जोड्या सजून वेशीत आल्या. नाना म्हणाले, तुझी पाळी झाली. आबा म्हणाले, पोळाच भरला नाही तर पाळी कसली? बोलण्याचं भांडण झालं, भांडणात काठ्या निघाल्या. आबांच्या मुलाची काठी नानांच्या मुलाला लागली. विशीतला पोरगा, त्याचा डावा डोळा गेला.

नानांनी बैल विकले, शेत वाट्यानं दिलं आणि चोपड्याला येऊन राहिले. मेलो तरी माझी राख या गावात येणार नाही, असं वेशीत उभं राहून सांगून आले. या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. गावात लग्नं झाली, माणसं गेली, नाना फिरकले नाहीत. आमचं ग्रंथालय हाच त्यांचा तंबू होता.

पुढे जळगावला एका मित्राकडे मला त्या पुस्तकाची पूर्ण प्रत दिसली. मी शेवटच्या पानांची झेरॉक्स काढून आणली. उदात्त हेतू वगैरे काही नव्हता. मला वाद जिंकायचा होता. मधल्या सुट्टीत नानांसमोर बसलो आणि म्हणालो, "तुमची लढाई संपलेलीच नाही. ऐका."

मी वाचलं. म्हातारा राजा एकटा, शत्रूच्या तळात, रागिटाच्या तंबूत जातो. ज्या हातांनी मुलाला मारलं त्या हातांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, माझा मुलगा मला दे. रागिटाला आपला बाप आठवतो. दोघेही रडतात. मग रागीट त्याला जेवायला वाढतो आणि प्रेत स्वाधीन करतो.

नानांनी चष्मा काढला. "म्हातारा दुश्मनना दारवर गया?"

दारवर जाणं म्हणजे आमच्या खानदेशात मयताच्या घरी भेटायला जाणं. मी म्हणालो, "तसंच म्हणा."

"आन् त्या दोन्ही संगे जेवनात?"

"जेवले."

 ते कागद नानांनी खळ लावून पुस्तकाला स्वतःच्या हातानं जोडले. वाद मी जिंकलो होतो, पण कोणी हरल्यासारखं दिसेना, त्यामुळे मजा आली नाही.

सहा महिने गेले असतील. एका सकाळी गावाहून फोन आला. आबांचा तोच मुलगा केळीच्या बागेत मोटार सुरू करताना विजेचा धक्का लागून गेला होता. आदल्या संध्याकाळीच सगळं उरकलं होतं. नानांनी फोन ठेवला आणि बराच वेळ एकाच पुस्तकावर शिक्का मारत राहिले. मग खणातून जेवणाचा डबा काढून म्हणाले, "सर, गाडी शे ना तुमनी?"

मी मोटारसायकल काढली, नाना मागे बसले. वेशीपाशी मला थांबायला लावलं, उतरले आणि तिथून चालत गेले. मी गाडी ढकलत मागे.

आबांच्या ओट्यावर माणसं बसली होती.  नानांना पाहून एकजण उठून उभाच राहिला, पुन्हा काही होतं की काय म्हणून. आबांनी मान वर केली.

"तू उना?"

"उनू." आलो, एवढंच.

नाना त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी नेतात. नानांनी आपला डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून आबांच्या हातावर ठेवला.  आबा कसेबसे म्हणाले, "नाना, तुना पोऱ्याना डोया..."

"ऱ्हाऊ दे. आज तुना पोऱ्यानी गोट करूत."

मग आबा रडले. नानाही रडले. मला ते बघवेना. मी अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं वळलो तेव्हा दोघे एकाच डब्यातून घास घास खात होते.

परतताना मी, अर्थात, भाषण सुरू केलं. खरा पराक्रम, क्षमा, बरंच काही. नानांनी मागून माझ्या खांद्यावर थोपटलं. "सर, भाकर लई गऊ, इतलंच. पुस्तकमा लिखेल शे." भाकरी घेऊन गेलो, एवढंच म्हणे. वीस वर्षं मी मुलांना पराक्रम म्हणजे कोणी कोणाला हरवलं तेच सांगत आलो होतो. त्या दिवसापासून मी ग्रीसला दोन तास देतो.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी नाना गेले, चोपड्यात, हृदयाच्या झटक्यानं. गावी न्या, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं.

गावातल्या घरून निघालेली तिरडी वेशीपाशी आली तेव्हा आम्ही शे-दीडशे माणसं बरोबर होतो. नानांचा मुलगा आगटीचं, विस्तवाचं मडकं घेऊन पुढे होता. आबा काठी टेकत गर्दीतून वाट काढत वेशीत आले आणि आमच्याकडे वळून त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा रे बठ्ठा. आज मान त्याना शे. पहिले त्याले जाऊ द्या."

मडकं धरलेला मुलगा आणि चार खांदेकरी तेवढे पुढे गेले. नाना वेशीखालून पलीकडे पोचेपर्यंत अख्खं गाव जागच्या जागी उभं राहिलं. आबा सगळ्यांच्या शेवटी आले.