कागदी कबड्डीतला पहिला नंबर

सुखदेव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. आठवड्याने आखाडा बाळापुरात शोकसभा झाली. गावचे मानकरी भगवानराव उठले आणि म्हणाले, "आमचा सुखदेव म्हंजे हाडाचा खेळाडू. पहिल्या नंबरचा!" मला शिसारी आली. त्यांची तर आलीच, पण शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावणाऱ्या स्वतःची त्याहून जास्त आली. आज महिना झाला, ती काही जात नाही.

सुखदेव बाजाराच्या तोंडाशी मशीन टाकून कपडे शिवायचा. तरुणपणी कबड्डी अशी खेळायचा की बघत राहावं, पण ती आपल्या बौद्ध वस्तीतल्या पोरांतच. गावाच्या संघात त्याला कुणी घेतलं नाही. कबड्डीत गडी शिवावा लागतो, आणि अडचण नेमकी तीच होती. पुढे गुडघा गेला, तेव्हा त्याने ही कागदी कबड्डी काढली. खेळणारे चौघे: तो, भगवानराव, हॉटेलवाले रहीमभाई आणि मी. प्रत्येकाने मोसमाच्या सुरुवातीला आसपासच्या गावांतले सात गडी निवडायचे. खऱ्या सामन्यांत ते जितके बाद करतील तितके आपले गुण. क्रमवारी दर बाजाराला हॉटेलच्या भिंतीवर लागायची. "गुरुजी, कागदावर कोणी कोणाला शिवत न्हाई," तो हसून म्हणायचा, "इथं तरी खेळू द्या." अक्षर बरं म्हणून यादी मी लिहायचो.

त्याची नजर पक्की. हट्टा गावचा एक काटकुळा गडी आम्ही हसण्यावारी नेला, तर त्यानेच सुखदेवला सगळ्यांत जास्त गुण मिळवून दिले. मोसम संपला आणि सुखदेव पहिला आला... यादी लागायच्या आदल्या दिवशी भगवानराव माझ्या घरी आले.

"गुरुजी, गाव हासून राहिलं ना आमाला. टाका त्याला खाली."

"पण बेरीज बराबर हाये."

"बेरीज कोण पाहून राहिलं? अक्षर तर तुमचंच हाये."

त्यांच्या हातात माझी बदली नव्हती, नोकरी नव्हती. नुसती भीड पडली. भीड! थुंकावंसं वाटतं या शब्दावर. मी सुखदेवला चौथा लिहिला आणि बाकीचे तिघे एकेक पायरी वर सरकवले.

यादी त्याने वरपासून खालपर्यंत वाचली. "अक्षर लई चांगलं हाये, गुरुजी," म्हणाला. कागदी कबड्डी तिथेच संपली. माझे सदरे मात्र शेवटपर्यंत त्यानेच शिवले. पण टेप घेऊन अंगाला हात कधी लावला नाही. "जुना सदरा ठेवून जा, त्याच्यावरून बेततो," म्हणायचा. मला शिवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि बरोबरच ठरवलं होतं. शेवटचा सदरा खुंटीला आहे. खांद्यात आवळतो, माप जुनंच आहे ना...

शोकसभेत तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहितो. त्या मोसमाची खरी क्रमवारी अशी होती: पहिला सुखदेव. दुसरे रहीमभाई. तिसरे भगवानराव. चौथा मी.