उकळलेली प्लेट

माझे दात आईवर गेले होते. वरचे दोन चांगले ओठाबाहेर डोकवायचे. आई हसताना तोंडावर पदर धरायची, घरात आम्ही दोघीच असलो तरी. शाळेत मला पोरं 'फावडी' म्हणतात हे तिला कळलं, त्या दिवशी ती जेवली नाही. वडील पलटणीतून सुट्टीवर आले तेव्हा तिने त्यांच्यामागे धोशाच लावला, पोरीचे दात सरळ करून आणा. एरवी तिने त्यांच्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

कराडहून एसटीने आम्ही सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माप घेऊन गुलाबी प्लेट बनवली. ती टाळूला चिकटून बसायची आणि तिची तार पुढच्या दातांवरून जायची. जेवताना काढायची, गार पाण्याने मऊ ब्रशने धुवायची, काढली की पाण्यात बुडवून ठेवायची, असं डॉक्टरांनी वडिलांना समजावून सांगितलं. आई बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. परतताना वडील तिला एवढंच म्हणाले, "स्वच्छ ठेव म्हंजे झालं." आणि ते नोकरीवर निघून गेले.

स्वच्छता आईला कुणी शिकवायला नको होती. मी तान्ही असताना दूध पाजायचं बोंडलंसुद्धा ती उकळत्या पाण्यातून काढायची. थोड्याच दिवसांत प्लेट टोचून माझं तोंड आलं. आपलं धुणंच कमी पडलं असणार, असं तिला वाटलं. तिने चुलीवर पाणी उकळलं आणि प्लेट त्यात सोडली. चिमट्याने बाहेर काढली तेव्हा ती एका बाजूने वाकली होती. तिने ती माझ्या टाळूला बसवून पाहिली, दाबून पाहिली. मी कळवळले तसा तिने हात काढून घेतला आणि ती चुलीपुढेच हमसून हमसून रडली. वडिलांना कळवायची तिची छाती झाली नाही. ते पुढच्या सुट्टीवर येईपर्यंत तिने ती प्लेट पेटीत गुंडाळून ठेवली.

पुन्हा सांगली. डॉक्टरांसमोरच वडील म्हणाले, "हिनं उकळून काढली बघा. जरा म्हणून अक्कल न्हाई." डॉक्टरांनी नवं माप घेतलं. या वेळी आई आत उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. निघताना ती दारातून मागे वळली आणि तिने पदराआडून विचारलं, "आवं डॉक्टर, मोठ्या बाईमाणसाला बसती का असली?"

वडील मोठ्याने हसले. "आता कुनाला दाखवायचंय तुला?" डॉक्टरही हसले. मला त्या दोघांचा आजही संताप येतो. आईपण हसली. म्हणाली, "न्हाई, आपलं इचारलं."

एसटीत ती मला गार पाणी, मऊ ब्रश असं सगळं घोकून दाखवत होती. दुसऱ्या प्लेटीला तिने जिवापाड जपलं आणि माझे दात सरळ झाले. आई गेली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः तिशी ओलांडली तेव्हा, एकदा सहज हिशेब माझ्या मनात आला. डॉक्टरांच्या दारात तो प्रश्न विचारणारी माझी आई तीस वर्षांचीही नव्हती. त्या दिवशी मी खूप रडले.