टँकरपुढची सभा

"सर्वानुमते मंजूर!" असं म्हणून तो जिन्याच्या कठड्यावर थाप मारायचा. लातूरच्या आमच्या अपार्टमेंटचा हा चेअरमन. वयाने मोठा होता, पण त्याला अहो-जाहो करणं माझ्या जिवावर येतं. तेवढं चालवून घ्या.

असा एखादा तुमच्याही इमारतीत असेल. आमच्याची खुबी अशी, की तो सोसायटीची सभा टँकर आल्यावर भरवायचा. उन्हाळ्यात बोअर आटलेलं, खाली घागरी-बादल्यांची रांग, पाइपवरून भांडण जुंपलेलं. त्या गोंधळात हा पायरीवर उभा राहून काहीतरी पुटपुटायचा आणि शेवटी ओरडायचा, "समद्यांची संमती हाय का?" नंबर जाऊ नये म्हणून आम्ही सगळे "हाव, हाव" म्हणून मोकळे व्हायचो.

अशाच एका सभेत त्याने गच्ची एकट्याच्या वापरासाठी मंजूर करून घेतली. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप.

दुसऱ्या मजल्यावर रझियाआपा राहतात. नवरा वारल्यापासून त्यांचं घर शेवया-पापडांवर चालायचं, आणि ते सगळं वाळायचं गच्चीवर. त्यांच्या खोल्यांत ऊन येतच नाही. त्या ओल्या शेवयांची परात घेऊन त्याच्या दारात गेल्या.

"भाऊ, शेवया कुठं वाळवू आता?"

"आपा, वॉटरप्रूफिंग खराब व्हायलंय. अन् तुमीच हाव म्हणलात की!"

वर त्याने स्वतःचा लोखंडी झोपाळा टाकला. झोपाळ्याने वॉटरप्रूफिंगला काही होत नसावं.

आम्ही एका वकिलाला विचारलं. त्याने सांगितलं, गच्ची सगळ्या फ्लॅटवाल्यांची सामाईक. असं ओरडून ती कुणा एकाची होत नाही. आम्ही सहकार खात्याच्या कचेरीत तक्रार केली. तारखेला कधी याचं बीपी वाढायचं, कधी हा कडक इस्त्रीचा सफारी घालून येऊन साहेबांशी इतकं गोड बोलायचा, की आम्हीच भांडखोर ठरायचो. उन्हाळे गेले. आपांनी शेवयांचं यंत्र माळ्यावर टाकलं आणि त्या लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. मला त्या माणसाचा संताप यायचा. अजून येतो.

टँकरवर म्हाताऱ्या माणसांच्या घागरी तो स्वतः उचलून वर नेऊन द्यायचा, हेही मी पाहिलंय. माझा राग तिथे जरा अडखळतो, इतकंच.

यंदा तो वारला. मला वाईट वाटलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

तेरावं उरकल्यावर त्याचा मुलगा पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिला. "पप्पांची आठवण म्हणून गच्ची आमच्याकडंच राहू द्या. हाय ना संमती?"

मयताच्या घरच्यांना नाही कसं म्हणायचं? माना हलू लागल्या.

मागून आपा पुढे आल्या. त्यांनी आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बेटा, तुझे पप्पा गेले, लई वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण माझी संमती न्हाई."

आणि तोच हात त्यांनी किल्लीसाठी पुढे केला.