येसूबाईचा आवाज

शाळेतून निवृत्त झाल्यावर वासंतीबाईंनी मांडवीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. जुनी माणसं चालली, त्यांच्याबरोबर गावही चाललं, असं त्या म्हणत. लोक हौसेने बोलत. बंदराच्या, बोटींच्या, जत्रांच्या गोष्टी सांगत.

येसूबाई मात्र वर्षभर टाळत होती. पंच्याऐंशीच्या पुढची, एकटी. समोरच्या घरातला सर्वेश रोज तिला मासळी आणून देई, दवाखान्यातही तोच नेई. बाईंचा जुना विद्यार्थी तो. त्याचे आजोबा धोंडू तांडेल म्हणजे वाडीचा अभिमान. खाडीवर पूल नव्हता तेव्हा माणसांनी भरलेली त्यांची होडी उलटली होती, आणि त्यांनी जिवावर उदार होऊन माणसं वाचवली होती. त्या दिवशी वाडी दरवर्षी खाडीत नारळ सोडते.

एका सकाळी येसूबाईनेच बाईंना बोलावून घेतलं.

"लाव तुझा फोन," ती म्हणाली. "माझा बाबल्या त्या होडीत व्हता. चार वर्षांचा. होडी पालथी पडली तशी मी त्याचा हात वरच्या फळीवर ठेवला. धोंडूने तो हात काढला गो. एकेक बोट सोडवलान."

बाईंनी फोन तिच्या आणखी जवळ सरकवला.

"आम्हा सगळ्यांच्या भाराने फळी बुडत व्हती. त्याला जगायचं व्हतं, मलापण जगायचं व्हतं. नंतर त्याने वाडीतल्या कमळीला पाण्यातून ओढून काढलं, ते पण खरं. पण लोक नारळ सोडतात तेव्हा माझा पोर कुणाच्या तोंडात नसतो."

"मावशी, हे लोकांना ऐकवू?"

"म्हणून तर सांगितलं."

"सर्वेशचं काय?"

येसूबाई दाराबाहेर बघत राहिली. "ऐकू दे त्याला," एवढंच म्हणाली.

वाचनालयात या आठवणी ऐकवण्याचा कार्यक्रम ठरला, त्यात बाईंनी तो आवाज लावला. आधी सर्वेशच्या कानावर घालावं, असं त्यांच्या मनात चार वेळा आलं होतं. तो अडवेल या भीतीने त्या गप्प बसल्या. एकेक बोट सोडवल्याचं ऐकताच मागच्या खुर्च्यांवरून माणसं उठू लागली. सर्वेश शेवटपर्यंत बसला. निघताना जवळ आला.

"बाई, मला आधी सांगायचं होतंत," तो म्हणाला. "घरी बसवून सांगितलं असतंत, तर मी ऐकलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून येसूबाईच्या दारात मासळी आली नाही. वाडीतल्या बायका पाणी भरताना तिच्याशी बोलेनाशा झाल्या. नातेवाईक म्हणावं असं तिला कुणी नव्हतंच. वासंतीबाई डबा घेऊन जाऊ लागल्या.

"तुझी आमटी गोड लागते गो," म्हणत येसूबाई दोन घास खाई आणि डबा सरकवी. आपण बोलल्याचं वाईट वाटतं, असं ती कधी म्हणाली नाही. पण समोरच्या घराचं दार वाजलं की तिची मान वळे. सर्वेश मान खाली घालून निघून जाई.

गणपतीच्या आधी ती अंथरुणाला खिळली आणि उठलीच नाही. खांदा द्यायला सर्वेश आला. घरापासून स्मशानापर्यंत त्याने खांदा बदलला नाही. बाईंकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

बाराव्याला जेमतेम पाच-सहा माणसं होती. त्यात कमळा होती. धोंडू तांडेलाने पाण्यातून ओढून काढलेली तीच ती. हात धुताना ती बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"येसू खोटं नाय बोलली," ती हळूच म्हणाली. "मी बघितला व्हता. पोराचा हात."

बाईंचा हात नकळत पिशवीतल्या फोनकडे गेला.

"तो नको काढू," कमळा म्हणाली. "मी शेजाऱ्यांच्या जिवावर जगतंय. येसूचं काय झालं ते बघितलंस ना? आणि धोंडू नसता तर मीपण नसते. त्याच्याविरुद्ध माझं तोंड उघडायचं नाय."

"मग मला तरी का सांगितलंत?"

"कुणालातरी सांगायला हवं व्हतं."

पदराला हात पुसून ती चालती झाली. बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या कुणाकडे फोन घेऊन गेल्या नाहीत. कुणी बोलावलंही नाही. पुढच्या वर्षी वाडीने खाडीत नारळ सोडला, नेहमीसारखाच, धोंडू तांडेलाच्या नावाने.