भरलेलं ताट

सोमवारी संध्याकाळी आम्ही नवराबायको अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "परवा शाळेत माही पाळी हाये. आठवण द्याल मले." मी म्हणालो, "तू कधी विसरली व?" ती चहा ठेवायला उठली आणि चुलीपाशीच पडली. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं. मंगळवारी माती झाली.

ही पाळी कसली, ते सांगायचं तर सहा वर्षांपूर्वीची ती केस सांगावी लागेल.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होतो. दहावी नापास, शिपाई म्हणून लागलेला माणूस. बायको गावच्या शाळेत खिचडी शिजवायची, ताटं घासायची. एका संध्याकाळी म्हणाली, "आठवीतल्या एका पोराचं ताट चार दिवसांपासून भरलंच्या भरलं वापस येऊन राहिलं. तुमी एक डाव पाहा ना."

मी हसलो. "न जेवणं कोणत्या कलमात बसते?"

"कलमात बसल्यावरच जाल काय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच पोरानं दप्तरातून विळा काढला आणि वर्गातल्या एका मुलावर चालवला. त्यानं हात आडवा धरला म्हणून मान वाचली. तळहात फाटला, टाके पडले. ठाण्यात फोन मीच घेतला. कोणतं पोरगं ते ऐकलं: बायकोनं सांगितलेलं तेच.

पोरगं तेरा वर्षांचं. म्हणून वर्दी उतरवून साध्या कपड्यात गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याच्या आईला शेजारी बसवून विचारपूस सुरू केली. विळा कुठला? "घरचा." कायले आणला? दीड तास तेच विचारत राहिलो. आई रडत म्हणाली, "बोल ना रे बापू, साहेब विचारून राहिले." अट्टल चोर बोलते केले मी; या लेकरापुढे हरलो.

तेवढ्यात बायको ताट घेऊन आत आली. "सरका बाजूले. लेकरू उपाशी अन् तुमचे सवाल सरत नाई." तिनं ताट पुढं ठेवलं. पोरानं आधी ताटावर हात पसरला. एका हातानं झाकून दुसऱ्या हातानं खाऊ लागलं. मी पाहिलं, पण मला काही कळलं नाही. तिला कळलं.

"कोन थुकते रे तुह्या ताटात?"

घास तोंडात असतानाच पोरगं हुंदके देऊ लागलं. तिघं जण. रोज. जखमी मुलगा त्यातलाच एक.

मग एकेक बोलू लागले. वर्गशिक्षकांना वाटलं होतं, पोराला खिचडी आवडत नाही. पोरांना शाळेत आणणाऱ्या ऑटोवाल्यानं पाहिलं होतं, तिघं त्याला बसू देत नाहीत, तो पायी येतो. आईला माहीत होतं, घरी आला की भातावर तुटून पडतो. सगळ्यांजवळ थोडं थोडं होतं. मला तर बायकोनं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी कलम विचारलं.

स्टेशन डायरीत नोंद घेतली, सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवला. त्या तिघांनाही आईबापासमोर बसवून जाब विचारला. मग मुख्याध्यापक, पोलीस पाटील, ऑटोवाला, बचत गटाच्या बाया आणि मी अशी बैठक घेतली. बायकोनं एकच गोष्ट मागितली: रोज गावातल्या एकानं ताटं धुण्याच्या नळाजवळ उभं राहावं. भरलेलं ताट आलं की त्या लेकराजवळ जाऊन बसावं. तीच पाळी. तेव्हापासून शाळेत कोणी विळा काढला नाही. ते पोरगं आता आयटीआयला आहे. मंगळवारी खांदा द्यायला आलं होतं.

पोलिसाला घडून गेल्यावर बोलावतात. ताट घासणाऱ्या बाईला आधी कळतं, पण तिला विचारतं कोण? घरात असून मीही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मी आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून निघालो. मोठी साळी, बायकोची बहीण, दारात आडवी आली. "भाटवे, कालच माती झाली, आज शाळेत कायले जाता?"

"तिची पाळी हाये," मी म्हणालो.

सकाळची शाळा होती. जेवणाची सुट्टी झाल्यावर नळाजवळ उभा राहिलो. ताटं येत गेली, रिकामी. शेवटी सहावीतली एक पोरगी आली. तिच्या ताटातली खिचडी कोणी हात न लावल्यासारखी होती.

मी टोपी काढली आणि तिच्याजवळ खाली बसलो.